बारीक आटा, जाड आटा

भोसरी एमआयडीसी, शेडच्या मागची लॅब.
दोन बोल्ट, दोन्ही दहा एमएमचे,
एकाच सळईचे, एकाच भट्टीतून आलेले.
फरक आट्यांचा :
एकाचे दीड एमएमवर, दुसऱ्याचे सव्वावर.

आधी जाड. जबड्यात धरला, व्हॉल्व्ह उघडला.
काटा चढत गेला, चाळीस, पंचेचाळीस,
एकावन्न किलोन्यूटनला थबकला
आणि मागे फिरू लागला.
बोल्टची मान बारीक झाली.
ठाप.
टेबलावरचा चहा बशीत सांडला.

बारीकवाला चोपन्नपर्यंत गेला.
कमी कोरलेला, म्हणून पोटात लोखंड जास्त.
एवढंच गणित.

शिकलगारांना आकडे दाखवले.
तेवीस वर्षं असेंब्लीवर, उजवा अंगठा चपटा झालेला.
म्हणाले, "मॅडम, तुमचं मशीन सरळ ओढतं.
आमच्याकडे शिफ्ट सुटायला दहा मिनिटं,
हात ग्रीसचे, वरून कोणीतरी ओरडतंय.
बारीक आटा जरा वाकडा लागला की मेला.
जाड आटा चूक पोटात घालतो."

रिपोर्टात त्याला रकाना नाही.
मी लिहिलं : ५१.२, ५४.०.
तुटण्याची जागा : आट्यात. दोन्ही.

तुकडे ट्रेमध्ये टाकले तेव्हा
तुटलेली टोकं अजून कोमट होती.
शिकलगारांनी त्यातला एक उचलला,
खिशातून नट काढून शेपटाकडून चढवला.
चार आटे अलगद गेला,
मग अडला.

"इथपर्यंत पोचलं होतं बघा," ते म्हणाले,
आणि नट तिथेच राहू दिला.