पाऊण इंची नळी

सिंकखालच्या दुरुस्तीतून उरलेली
पांढरी पाऊण इंची नळी.
लिअँडर मामाने हॅकसॉने तिचे
वीतभराहून जरा तोकडे सहा तुकडे केले,
कडा घासल्या, आतून मेण फिरवलं,
बुडाला बूच, बुचाभोवती गरम गोंद.
"झाला साचा," म्हणाला,
"विकत घ्यायला गेलं तर साठ डॉलर मागतात,
साठ डॉलरचं रॉकेल येतं."

गनर्स टिकलमधली ती शेड,
खाली खांब, खांबांखाली समुद्र,
भिंतीवर अजून माशांच्या वजनांचे खडूचे आकडे.
मी टॉर्च धरायला. अकरा वर्षांची.
खिडकी उघडी ठेवायची, कारण राळेचा वास डोक्यात जातो,
आणि खिडकी बंद ठेवायची, कारण थंडीत राळ आळत नाही.
या दोन नियमांमध्ये आमची अर्धी संध्याकाळ गेली.
शेवटी खिडकीत एक जुना बूट अडकवला.

पहिल्या खेपेला बूच गळलं.
मामा झोपला होता, राळ जागी होती.
सकाळी फळीवर निळसर डबकं, दगडासारखं,
त्यात त्याचा चष्मा.
तो अजून तिथेच आहे, एक काडी वर काढून.

दुसऱ्या खेपेला थेंब चुकले.
वेर्ना मावशी दारात येऊन
किनाऱ्यावर लागलेल्या बोटीबद्दल सांगू लागली,
अकरा की बारा, मामा विसरला.
आठ दिवसांनीही कांडी बोटाला चिकटत होती,
ओल्या गुळाच्या ढेपेसारखी.
मामाने शिवी दिली नाही.
नुसती कांडी उलटीपालटी करत राहिला.

तिसऱ्या खेपेला त्याने जाळं आणलं.
शेडच्या मागे दोन हिवाळे पडून असलेलं,
हिरवं, मिठाने ताठ झालेलं.
कात्रीने नखाएवढे तुकडे करताना
मी विचारलं, "उद्या लागलं तर?"
"नाही लागणार," म्हणाला, आणि कापत राहिला.

राळ ओतली, तुकडे सोडले,
आणि सगळे तुकडे वर आले.
पुन्हा दाबले, पुन्हा वर.
मामा हसला, त्या वर्षात पहिल्यांदा, मला वाटतं.
"तरंगायलाच केलंय याला. सवय जाईल कशी?"
मग आम्ही थांबलो,
राळ मधासारखी जड होईपर्यंत,
वर येणाऱ्याला वर येणं अवघड होईपर्यंत,
आणि काडीने एकेक तुकडा
त्याच्या त्याच्या जागी अडवला.

चार दिवसांनी नळी कांडी सोडेना.
ठोकून झालं, गरम पाण्यात धरून झालं.
हात टेकून मामाने ती
फ्रीझरमध्ये टाकली, कॉडच्या दोन तुकड्यांशेजारी.
रात्री जेवताना आतून "टक्" आवाज आला.
आम्ही दोघंही चमचा धरून थांबलो.
आकसली की सुटते, हे त्या रात्री कळलं.

खरादीवर हिरवी धूळ उडाली,
कोपऱ्यातल्या कोळ्याचं जाळं हिरवं झालं.
पेन तयार झालं, जाडसर,
आत समुद्र गोठल्यासारखे धागे,
एक बुडबुडाही राहिला, मधोमध.
"तो राहू दे," म्हणाला,
"तिथे कुणी श्वास घेतला असेल."

मला वाटलं होतं, याच पेनने
तो परवाना परत केल्याच्या कागदावर सही करणार.
विचारलं तर म्हणाला,
ती तर ऑक्टोबरातच झाली,
खिडकीतल्या बाईच्या पेनने,
दोरीने टेबलाला बांधलेलं होतं ते.

मग त्याने सिगारेटचं पाकीट फाडलं,
आतल्या पांढऱ्या बाजूवर लिहिलं:
अंडी. रॉकेल. बारीक सँडपेपर.
पेन थोडं झाडलं,
आणि चौथ्या ओळीवर, बराच वेळ घेऊन:
बूच, मोठी.