पाठपोट

देरेजे आला इथिओपियाहून उदगीरला,
देवणी गाईवर पीएच.डी. करायला.
पहिल्या दिवशी माझ्या झेरॉक्सच्या दुकानात
हात जोडून म्हणाला, नमस्कार.
पुस्तकातला. इस्त्री केलेला.
बाकावरच्या कुणीच मान वर केली नाही.

दोन महिन्यांत तरबेज झाला.
गुरांच्या बाजारात रामराम,
मन्मथअप्पांना शरणार्थ, किंचित वाकून,
चौबाऱ्यातल्या रौफभाईंना सलाम,
आणि वर
"येलालो, येलालो, जरा थांबा की!"
लोक पोट धरून हसायचे,
त्याच्याच हातावर टाळी द्यायचे.

बाकावर एकदा वाद रंगला,
परक्यानं कशाला घ्यावा आपला रामराम?
चोबळे सर चष्मा पुसत म्हणाले,
आपला म्हणजे कोणता, ते ठरवा आधी.
मग सगळ्यांनी चहा मागवला.

मी कागद सरळ करत होतो.
मनात आलं, याचं बरंय.
एका रस्त्यावर चार नमस्कार करतो
आणि कुणी विचारत नाही, कोणातला रे तू?
आडनावच नसतं म्हणे त्यांच्यात,
बापाचं नाव, की संपलं.
(खोली मात्र त्याला चौथ्या घरी मिळाली.
तिथं त्यानं काय म्हटलं असेल, ठाऊक नाही.)

एका दुपारी लाइट गेली.
दुकानात आम्ही दोघंच.
म्हणाला, तुम्हाला काय म्हणू? खरं सांगा.
मी म्हणालो, नमस्कारच म्हण. धंदा आहे.
भिंतीवर पतसंस्थेचं कॅलेंडर.
निळ्या चौकटीतला फोटो घरी, आतल्या खोलीत.

त्यानं पुढं काही विचारलं नाही.
जवळ आला, उजवा खांदा
माझ्या उजव्या खांद्याला टेकवला.
आमच्याकडं असं, म्हणाला,
आणि मग लांबलचक विचारत राहिला,
रात्र कशी गेली, पोरं कशी,
गुरं कशी, पाऊस कसा...
माझ्याकडं गुरं नाहीत, तरी म्हणालो, बरी आहेत.
त्याच्या पांढऱ्या शर्टावर टोनरचा डाग पडला.

मार्चात तो गेला.
परवा एक मुलगी आली, शिष्यवृत्तीचे कागद घेऊन.
वरच्याच दाखल्यावर जात लिहिलेली, माझीच.
मशीन सुरू होतं, बाकावर चौघं होते.
मी म्हणालो, जयभीम.
तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही.
म्हणाली, काका, पाठपोट काढा,
दोन प्रती.