नखुल्या

टस्कनीचं बुकिंग होतं, ते बारगळलं.
पासपोर्ट नूतनीकरणाला गेला तो गेलाच.
फोनवरच्या बाई म्हणाल्या, पैसे परत मिळणार नाहीत,
पण हाच आठवडा आम्ही वेल्समध्येही भरवतो.
तेच जेवण, तेच रंग,
डोंगर जरा ओले.

म्हणून मी इथे, क्रिकहाउलच्या वरच्या अंगाला,
मेंढ्यांच्या जुन्या कोठारात,
गळ्यात ‘कुमी’ अशी पाटी अडकवून.
कुमुदिनी फार लांब पडतं म्हणे.
एकतीस वर्षं स्विंडनच्या रक्ततपासणीत
मी नळ्यांवर माणसांची नावं चिकटवली,
लांबातलं लांब नाव
एका अक्षरानेही छाटलं नाही.

सकाळी चित्र, दुपारी स्वयंपाक.
ग्विलिम सांगतो, पांढरा रंग वापरायचा नाही,
कागदाचा पांढरा वाचवून ठेवायचा.
मी वाचवायला जाते. मेंढ्या वाचत नाहीत.
पाण्यात विरघळून त्यांचे ढग होतात
आणि मग ढगांना पाय काढत बसावं लागतं.

दुपारी ओरिएत्ता.
तिचा बाप इटलीच्या टाचेकडून
बेडफर्डच्या वीटभट्टीवर आला होता.
तिच्या हातांना अजून ती घाई आहे.
रवा, कोमट पाणी, चिमूटभर मीठ.
अंडं नाही, ती दटावते,
अंडी उत्तरेकडच्या श्रीमंतांची.
एवढीशी गोळी घ्यायची, अंगठ्याने दाबायची,
ओढायची, उलटी करायची.
कानाच्या पाळीसारखी दिसली पाहिजे.

माझा अंगठा
माझ्या आधीच निघाला.

सांगलीत, ताईच्या लग्नाआधी,
दुपारच्या झाकल्या खिडक्यांत
पाटावर बायका बसलेल्या,
रुखवतासाठी गव्हले, मालत्या, नखुल्या.
ताराकाकू ताटावरून नजर फिरवायच्या,
माझ्यापाशी थांबायच्या,
आणि एकच शब्द: जाड.
माझ्या नखुल्या वेगळ्या वाटीत जायच्या,
पोरांच्या खिरीला.
तेरा वर्षांची होते. नंतर कधी बसलेच नाही.

ओरिएत्ताने माझ्या फळीवरची एक उचलली,
उजेडाकडे धरली,
सगळ्यांना ओरडून बोलावलं.
ही जाडी बघा, म्हणाली,
रस धरून ठेवायचा तर एवढी हवीच.
कुठे शिकलीस?

काय सांगणार?
की कणकेची ही नखं
काचेच्या बरणीत भरून मांडतात,
सासरच्यांना मोजता यावी म्हणून
पोरीच्या बोटांतली चिकाटी?
मी म्हटलं, यूट्यूबवर.

शेजारी क्लाइव्ह, डॉनकास्टरचा,
आयुष्यभर बस चालवलेला.
आता उजवा हात त्याचं ऐकत नाही.
त्याच्या पाळ्या फाटत होत्या
आणि तो त्या गुपचूप
टेबलाखालच्या बादलीत टाकत होता.
मी त्याचा हात धरला नाही,
तसलं मला जमत नाही.
बादली पायाने सरकवली फक्त.
त्याने पाहिलं, मग मला म्हणाला,
तिकीट काढलंयस का?
आणि उरलेल्या सगळ्या, फाटक्यासुद्धा,
माझ्या नखुल्यांत लोटल्या.
उकळत्या पाण्यात कुणाची कुठली,
ओरिएत्तालाही सांगता आलं नसतं.

बाहेर मांडलेलं लांब टेबल
पावसाने आत आणायला लावलं.
कडसर पालेभाजी, लसूण, भरपूर तेल.
क्लाइव्हने दोनदा घेतलं. मी तीनदा.

मेंढ्यांचं चित्र ट्रेनमध्येच विसरले.
घरी येऊन ॲप्रन धुवायला टाकताना
खिशात एक सापडली, वाळून खडखडीत,
पाठीवर अंगठ्याच्या रेषा स्पष्ट.
नळीत घालून बूच लावलं असतं,
पण वर नाव कुणाचं लिहिणार,
त्याचं की माझं,
तेही ठरेना.

तोंडात टाकली.
दातांना बराच वेळ लागला.
जाड होती.