आवर्तन बेचाळीस

मॅग्नेशियम हायड्रोजनला धरून बसतं.
दार, दाराला कडी, कडीला कुलूप,
आणि किल्ली तीनशे अंशांवर.
त्याच्या खाली ते कुणाचं ऐकत नाही.

म्हणून थोडं निकेल, शंभरात चार भाग.
पोलादी गोळ्यांच्या गिरणीत वीस तास.
फतेगंजच्या मागच्या खोलीतून रात्रभर आवाज,
जसं कुणी पितळी डब्यात
चिंचोके हलवतंय.
पहारेकरी सोमाभाई दार ढकलून विचारतो,
"बेन, हजी दळाय छे?"
हजी, म्हणते मी. बारीक हवंय.
"घऊं के बाजरी?"

काय सांगू, सोमाभाई.
हवा लागली तर पेटेल असं पीठ आहे.

काचेच्या पेटीत, आर्गॉनमध्ये ठेवते ते.
पेटीचे काळे रबरी मोजे दाबानं बाहेर ताठ,
आतलं कुणी हात पसरून
उचलून घ्या म्हणतंय, असे.
डाव्या मोज्याच्या करंगळीत एकदा
वैजयंती मोहितेची अंगठी सापडली.
ती पीएचडी अर्ध्यात टाकून सुरतेला गेली.
अंगठी अजून माझ्याच खणात आहे.

पहिल्यांदा वायू आत घेताना भुकटी तापते,
कण फुगतात, तडकतात.
दुसऱ्यांदा बरं.
पाचव्यांदा सवय.

वहीत,
आवर्तन अठरा : घेतलं सहा टक्के, सोडलं पावणेसहा.
आवर्तन तीस : घेतलं जास्त, सोडलं पाच.
आवर्तन बेचाळीस : सोडलं चार पूर्णांक चार.
घेताना हावरं, देताना कंजूष.
मी शेरा लिहिला : पदार्थ थकतोय.
घोरपडे सर म्हणाले, थकणारच.

तीन आठवडे त्या चिमूटभर राखाडीवर ठपका.
निकेल बदललं. टायटॅनियम घातलं.
गिरणी तीस तास.
सोमाभाईनं कानात कापूस घातला.

मंगळवारी रात्री दीडला, निव्वळ कंटाळून,
भांडी घासायच्या साबणाचा फेस
एकेका सांध्याला लावत गेले.
तिसऱ्या नटावर बुडबुडा.
हरभऱ्याएवढा.
फुटला.
परत आला.

मकरपुऱ्याच्या कनुभाईनं नट हातात फिरवला,
ज्या लेथवर कापला होता त्याच लेथला टेकून.
"आंटा बराबर छे, बेन.
तमे वधारे कसी नाख्युं."
गळू नये म्हणून
दर वेळी पाव फेरा जास्त आवळत होते मी.

आमच्या वहीत खोडरबर चालत नाही.
एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी,
शेजारी तारीख, सही.
'पदार्थ थकतोय' वर रेघ मारली.
वर लिहिलं : नट.
मग टायटॅनियमच्या अकरा पानांवर अकरा रेघा.
सरांना अजून सांगायचंय.

नवा नट बसवलाय, हातानं, बेतानं.
साबण लावून दहा मिनिटं बघत बसले.
काही आलं नाही.

किल्ली मात्र अजून तीनशेवरच आहे.

सोमाभाई, कापूस घाला.
लावते गिरणी.