तीन फेज येईस्तोवर

लाइन रात्री साडेबाराला येणार.
तोवर विशाखाच्या मोटारघरात आम्ही चौघं,
युरियाची रिकामी पोती अंथरून,
मधे तिने नागपूरहून आणलेला खेळ:
बेचाळीस पत्ते, एक बंद दीपगृह,
दाराला चार आकडी कुलूप.

ह्यात कोणी कोणाला हरवत नाही
हे तुकेशला पटायलाच दोन रात्री गेल्या.
"मंग जिंकते कोन?"
"सगळे. नाही तं कोनीच नाही."
"म्हंजे सोसायटीसारखं," तो म्हणाला
आणि खर्रा घोटत बसला.

नियम असा की आपला पत्ता दाखवायचा नाही,
तोंडानेच सांगायचा.
हिवराजला थोडक्यात सांगता येत नाही.
"एक मानूस हाय, टोपीवाला, हातात कंदील,
आन् तो माह्या लाखांदूरच्या मामासारखा दिसते."
मामा कामाचा निघाला नाही.
कंदील निघाला. त्याला सात काचा.
पहिला आकडा सात.

दुसरा भरतीपाशी अडला.
समुद्र आमच्यातल्या कोणीच पाहिलेला नाही.
पाणी चढतं, उतरतं, विशाखाने समजावलं,
रोज दोनदा.
"कोन सोडते?" हिवराजने विचारलं.
कोणीच सोडत नाही म्हटल्यावर
तो दारातून बाहेर पाहत राहिला,
नहराच्या कोरड्या पाटाकडे.
अर्जाविना पाणी!
दोन लिहिलं आम्ही, पेन्सिलीने, खताच्या पावतीमागे.

तिसरा माझ्या पत्त्यात होता,
कठड्यावरचे पक्षी.
मी आठ मोजले. पुन्हा मोज, विशाखा म्हणाली.
एक पक्षी अर्धाच होता, खांबाआड.
नऊ.

चौथ्याला मात्र भांडण लागलं.
तुकेश म्हणे आठ, विशाखा म्हणे पाच,
हिवराज दोघांनाही हो म्हणे.
काळ्या काठाचा एक पत्ता पालथा,
त्याच्या पोटात उत्तर.
तो उलटला की खेळ संपला,
पुन्हा खेळण्यात अर्थ नाही, नुसता डबा उरतो.
कोणाचा हात पुढे जाईना
तेवढ्यात स्टार्टरवरचे तिन्ही दिवे लागले,
लाल, पिवळा, निळा,
आणि आम्ही चपला शोधत पळालो.

जानेवारीची थंडी, पायाखाली चिखल.
पऱ्ह्यांत पाणी शिरलं तसा बेडकांनी गलका केला.
तुकेश बांधावरून ओरडला, बॅटरी आन बे!
मी परत आलो.
मोटारघरात मोटार सोडून कोणी नव्हतं.

मी पत्ता उलटला.

तीन.
सरळ, छापील, तीन.
आणि कोपऱ्यात चुन्याचा अंगठा,
वाळून पांढरा पडलेला.
आमच्यात चुना एकाच्याच बोटाला असतो.

मी पत्ता होता तसा पालथा ठेवला,
बॅटरी घेऊन गेलो.
तुकेशने ती हातातून घेतली, म्हणाला,
"मले तं आठच वाटते, काई म्हन."
"काढू मंग उद्या," मी म्हणालो.

दुसऱ्या रात्री तो पोत्यावर थाप मारून
आठासाठी भांडला,
शिडीच्या पायऱ्या, खिडक्या, मामाच्या टोपीची बटणं,
सगळं आठात बसवलं.
मी विशाखाच्या पाचाची बाजू घेतली,
इतकी की हिवराज म्हणाला, तुमी भाऊ वकील व्हा.
तीन कोणाच्याच तोंडून आलं नाही.
विशाखाच्याही नाही.
आणि खेळ तर तिचा, घरी डबा तिच्याच कपाटात.

सोमवारपासून आमच्या फिडरला दिवसाची पाळी.
मग रात्री जो तो आपापल्या घरी, गोधडीत.

तिने काळ्या काठाच्या पत्त्यावर
चहाची कपबशी ठेवली.
"घाई का हाय," म्हणाली,
"लाइन याले अजून सव्वा तास हाय.
हिवराज, तुह्या त्या मामाचं पुन्हा सांग बरं,
सुरुवातीपासून."