मंडई सरली, आता बोलते

यंदा पाच नाटकं पाह्यली.
तीन तिकिटानं, एक पासावर,
एक कनातीच्या भोकातून.
ते धरत नाही कोनी, पन मत त्याचंही आहे.

पयलं सिंदेवाहीकडच्या मंडईत, ‘सातबाऱ्यावरचं कुंकू’.
नाव ऐकूनच मी अर्धी रडली होती.
हिरोईन इधवा. घरात दाना नाही म्हने,
आन् अंगात ब्लाऊज कोरं, इस्तरीचं,
पाठीले चेन.
बाई, उपाशी मानसाचं ब्लाऊज
खांद्यावरून उतरते.
तीस वर्सं शिवते मी,
मले मापावरून भूक कळते.

दुसरं शंकरपटाच्या रातचं, ‘बांगडी फुटली मांडवात’.
बांगडी काही फुटली नाही.
हिरोनं तीनदा आपटली. प्लॅस्टिकची होती,
उडून आर्गनवाल्याच्या मांडीवर पडली.
त्यानं खाली नाही पाह्यलं,
सूर नाही सोडला.
माह्या तिकिटाचे साठ रुपये
म्या त्याले दिले, असं समजते.

तिसऱ्याचं नाव ध्यानात नाही.
नाटकाच्या मधात गानं होतं
का गान्याच्या मधात नाटक,
ते शिट्या मारनाऱ्या पोट्ट्यायले विचारा.
मी तनसीवर पाय लांब करून झोपली.
दोन वाजता रमकाईनं कोपर मारलं,
‘ऊठ वं, खलनायक आला.’
खलनायक मात्र चांगला.
डोळे काढत नव्हता, हासत नव्हता,
खालच्या आवाजात ‘बसा न भाऊ’ म्हने.
आमच्या सोसायटीचा सचिव अस्साच बोलते.
मले थंडी वाजली, आन् घोंगडं तर अंगावरच होतं.

भोकातलं सांगते.
भोक मागच्या बाजूनं होतं.
समोर बापाची तेरवी चालू,
लेक छाती बडवून राह्यली,
आन् मेलेला बाप इकडं पेटीवर बसून
भात आन् टमाटरची चटनी खाऊन राह्यला.
बोटं चाटली, घास मोडला, मंग थांबला,
लेकीचा आवाज फाटला तसा थोडा वेळ थांबला.
मंग जेवला.
एवढं खरं काम यंदा दुसऱ्या कोनी नाही केलं.

पाचवं आमच्याच गावात.
दुपारी वडश्याहून गाडी आली
आन् एक बाई माझ्या दारात उभी.
मंजुळा लोनबले म्हने, मायचं काम करते.
‘काखेत काचते वो, थोडं सैल करून द्या.’
लगातार चौथी रात, घसा बसलेला.
टेप लावला तं छत्तीसचं अडतीस भरलं.
हात वर करा म्हनलं,
तिनं केले,
आन् हात वर ठेवूनच उभ्या उभ्या झोपली.
म्या टेप काढला नाही थोडा वेळ.

लाल दोरा सरला होता. काळ्यानंच शिवलं.
पैसे नाही घेतले. तिनं पास देल्ला, खुर्चीचा.
जलमात पयल्यांदा मी खुर्चीवर बसली.

तिसऱ्या अंकात पोलीस पोराले नेते
आन् माय धावते.
मांडव रडला.
पोलीसपाटील रडला, भज्याच्या गाडीवाला रडला.
मी तिच्या काखेकडं पाहून राह्यली.
एवढ्या लाईटीत काळा दोरा दिसन का?
एकच पदर घेतला होता म्या, दुहेरी घ्याचा होता.
हात वर चालले, कोपरापरेंत,
खांद्यापरेंत,
पूरे वर गेले.

टाका टिकला.
म्या टाळी वाजवली, एकटीनंच,
साऱ्या रडत्या मांडवात.
मागून रमकाई म्हने, ‘याड लागलं का वं?’

म्हनून या नाटकावर मत विचारू नका.
पोरगा सुटला का फासावर गेला,
मले मालूम नाही.

लाईट बरी होती.
चहा पानचट.