रकाना नववा : इतर

धरणाचे दरवाजे रात्री अडीचला उघडले
आणि सकाळी आमच्या ग्रुपवर निरोप आला :
पांढरा टी-शर्ट, ओळखपत्र, स्वतःची पाण्याची बाटली.
दिवसाचे आठ तास धरले जातील.

एकशे वीस लागतात. माझे एकोणसाठ झालेले :
टेकडीवरचे खड्डे, गणपतीतली गर्दी,
रक्तदान शिबिरात बिस्किटांचे पुडे मोजणं.
डिंगणकर सर म्हणाले, तू संख्याशास्त्राची ना?
मग तू फॉर्म भर.

महापालिकेची शाळा, दुसरी ब.
माझे गुडघे बाकाखाली मावेनात.
भिंतीवर ण बाणाचा, ळ बाळाचा.
ज्या अक्षरानं कुठलाच शब्द सुरू होत नाही
त्याचीही तिथे सोय केलेली.
आणि दारापासून जिन्यापर्यंत रांग.
एकच पाणी,
पण चिखलाची रेघ कुणाच्या गुडघ्याशी, कुणाच्या कमरेशी,
पोरांच्या पार गळ्याशी.

रकाने आठ. नववा : इतर.

सुंदराबाई खुडे. वय? लिही पन्नास.
माणसं दोन. शेगडी गेली. गोधड्या तीन.
पोरीचं दहावीचं मार्कशीट.
आणि मास्तर.

मी पेन थांबवलं.
मास्तर म्हणजे... तुमचे मिस्टर?
रांग हसली. त्या दिवशी पहिल्यांदाच.

पोपट गं बाई.
पिंजरा खुंटीला, पाणी खुंटीला टेकलं तशी
मी दार उघडलं. येईचना बाहेर.
अकरा वर्षं आत, त्याला काय ठाव
दार कशाला असतं.

जनावरं या रकान्यात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी.
मी लिहिलं, इतर. कोड नव्याण्णव.

पुढच्या आठवड्यात कॉम्प्युटर लॅबमध्ये
तन्झीला वाचायची, मी टाकायचे.
चारशे बारा घरं. सदतीस नव्याण्णव.
शिलाई मशीनचं पायडल.
फिटलेल्या कर्जाची पावती.
मेलेल्या भावाचा आवाज होता तो मोबाईल.
एका म्हाताऱ्यानं सांगितलेलं :
काही नाही, पण लिहा.
सर म्हणाले, नव्याण्णव काढून टाका,
तक्त्यात बसत नाहीत.

मी काढले.
काढले, सेव्ह केलं
आणि मेसमध्ये जाऊन जेवले. त्या दिवशी मटकी होती.

मग एका गुरुवारी प्रणोती खुडेचा फोन.
पावतीच्या मागे मीच नंबर लिहून दिला होता,
आणि विसरले होते.
आम्ही शिवाजीनगरला बोर्डात गेलो.
खिडकीतला माणूस म्हणाला,
पुरात गेलं म्हणजे हरवलं नाही, नष्ट झालं.
नष्टचा अर्ज वेगळा.
मग पोलीस चौकी, मग फोटो, मग परत तीच खिडकी,
आणि जेवणाची सुट्टी.
तीन फेऱ्या. अकरा तास.

डायरीत लिहिले तर सरांनी पेन्सिलीनं गोल केला :
हे उपक्रमात बसत नाही गं.
आणि अर्जाच्या फीचे म्हणून खिशातून दोनशे काढले.
पावती नको म्हणाले.

फेब्रुवारीत प्रमाणपत्र आलं.
तास एकशे वीस. काम समाधानकारक. गुण दहा.
नावात माझा ऱ्हस्व त्यांनी दीर्घ केलेला.

परवा म्हात्रे पुलावर प्रणोती भेटली,
खांद्याला नवी सॅक, अकरावी, संध्याकाळचं कॉलेज.
खाली नदी अशी, की कुणी विश्वास ठेवू नये.
तिनंच आधी विचारलं,
तुमचे मार्क मिळाले का, ताई?
मी हो म्हटलं. मान वर केली नाही.
आमचं पण आलं, म्हणाली. लॅमिनेट केलंय.

आणि आई?

आई रोज खिडकीत मिरची ठेवते.

येतं कुणी?

साळुंक्या येतात, ती म्हणाली.
मिरची खात नाहीत.